काही न मागणारे प्राणी

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी कॅलिफोर्नियातल्या एका रस्त्याच्या कडेला पाऊण तास मान वर करून उभा होतो. एका गिधाडासाठी.

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे सॅन होजेला गेलो होतो. इंजिनिअरिंगचा जुना रूममेट तिथंच असतो. तो म्हणाला, "हायवे वन न करता परत गेलास तर येऊन उपयोग काय?" हा रस्ता तुम्ही रीलमध्ये नक्की पाहिलाय. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट खाली प्रशांत महासागर, मध्ये बिक्सबीचा कमानदार पूल. बिग सूरच्या एका वळणावर पाच-सहा गाड्या थांबल्या होत्या, म्हणून आम्हीही थांबलो. बराच वेळ काहीच नाही. मग डोंगरामागून एक प्रचंड काळा पक्षी आला आणि पंख एकदाही न हलवता आमच्या डोक्यावरून समुद्राकडे गेला. पंखांखाली पांढरे पट्टे, आणि मॅरेथॉनवाले छातीवर लावतात तसा पंखावर नंबर. कॅलिफोर्निया कॉन्डोर. पंखांचा पसारा साडेनऊ फूट. शेजारच्या आजीबाईंनी मी न मागताच दुर्बीण माझ्या हातात दिली आणि सांगितलं, १९८२ साली हे जगात फक्त बावीस उरले होते.

माझा गळा दाटून आला. खोटं नाही सांगत. फोटो टाकला, खाली भलामोठा मजकूर लिहिला, निसर्ग आणि मानव वगैरे. त्या पोस्टला माझ्या साखरपुड्याच्या फोटोपेक्षा जास्त लाइक्स आले.

महिनाभराने नाशिकला, घरी. त्र्यंबक रोडवर चहा पिताना एका पक्षीवाल्या ओळखीच्याला मी तो फोटो कौतुकाने दाखवला. त्याने तो नीट पाहिला, छान म्हणाला, आणि मान वळवून समोरच्या डोंगराकडे बोट केलं. "अंजनेरीच्या कड्यावरची गिधाडं पाहिलीस का कधी? घरटी आहेत तिथं."

मी सिडकोत वाढलो. अंजनेरी माझ्या घरापासून पंचवीस किलोमीटर. शाळेच्या सहलीला एकदा, कॉलेजात एकदा, पावसाळ्यात मित्रांबरोबर दोनदा, असा चार वेळा मी तो डोंगर चढलोय. मान वर करून उभा राहिलो नाही, एकदाही.

आता तुम्हाला वाटेल, हा पुढे 'पिकतं तिथं विकत नाही' हे रडगाणं गाणार. नाही. आपल्याकडचं आपल्याला दिसत नाही, ही तक्रार फार सोयीची आहे, कारण तिच्यात आपला दोष फक्त आंधळेपणाचा ठरतो. आंधळ्या माणसाला कोण बोलणार? माझं म्हणणं वेगळं आणि थोडं कडू आहे. आपल्याला दिसतं. दिसतं म्हणूनच आपण बघत नाही. परदेशातला प्राणी आपल्याला आवडतो, कारण तो आपल्याकडे काहीही मागत नाही. आपला व्हिसा संपतो, त्याच दिवशी त्याच्याशी असलेलं नातंही संपतं. इथला प्राणी मागतो. जमीन मागतो, बकरी मागतो, गाईला द्यायचं औषध बदलायला सांगतो, डोंगरावर रस्ता करू नका म्हणतो. मागणाऱ्या नातेवाइकाचा फोन आपण जसा वाजू देतो, तसंच आपण याच्या बाबतीत करतो.

हायवे वनवर मी जे पाहिलं त्याला माझ्या पोस्टमध्ये मी 'निसर्ग' म्हटलं होतं. तो शब्द चुकीचा होता. तिथं काय घडलं ते जरा बघा.

हा रस्ता १९३७ साली वाहतुकीला खुला झाला. त्याआधी केसाळ कातडीसाठी समुद्री ऊदमांजरांची एवढी शिकार झाली होती, की कॅलिफोर्नियातून ती संपली असंच बहुतेकांना वाटत होतं. १९३८ साली बिग सूरच्या किनाऱ्याजवळ त्यांचा एक छोटा कळप लोकांच्या नजरेस पडला. आज तिथल्या किनाऱ्यावर जी ऊदमांजरं पाठीवर तरंगत शिंपले फोडताना आपण शूट करतो, ती या उरलेल्या मूठभरांची वंशावळ.

कॉन्डोरचं त्याहून अवघड. बावीस उरल्यावर प्रश्न आला की हे सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवायचे, की जे होईल ते होऊ द्यायचं? यावर पक्षिप्रेमींमध्येच जुंपली, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १९८७ साली जंगलातला अखेरचा कॉन्डोर पकडला गेला. त्या दिवशी मोकळ्या आकाशात एकही कॉन्डोर नव्हता. १९९२पासून पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी पुन्हा सोडायला सुरुवात झाली. तरी ते मरतच होते. कारण शिकारी हरिण मारतात, आतडी तिथंच टाकतात, त्यांत शिशाच्या गोळीचे कण राहतात, आणि ते खाऊन कॉन्डोरला विषबाधा होते. मग शिशाच्या गोळ्यांवर बंदी. आधी कॉन्डोरच्या पट्ट्यात, आणि २०१९पासून अख्ख्या राज्यात शिकारीसाठी. बंदुकीवर जीव असलेल्या देशात हे कसं झालं असेल, विचार करा. अजूनही हे पक्षी अधूनमधून पकडून त्यांच्या रक्तातलं शिसं तपासतात. पंखावरचा नंबर त्यासाठीच.

म्हणजे माझ्या डोक्यावरून जे उडत गेलं, त्यात चाळीस वर्षांची भांडणं होती, कोर्टकचेऱ्या होत्या, करदात्यांचे पैसे होते, गोळ्या बदलायला लागल्या म्हणून चडफडणारे शिकारी होते. बिल आधीच कुणीतरी भरलं होतं. मी फक्त जेवून, ढेकर देऊन आलो.

पुढे दरडीमुळे रस्ता मध्येच बंद होता, म्हणून मागे फिरून दुसऱ्या हायवेने मोठा वळसा घातला आणि दुसऱ्या दिवशी पिएद्रास ब्लांकासला पोचलो. तिथं हत्ती-सील असतात. एकेक नर दोन टनांचा, नाकाच्या जागी लोंबणारी सोंड, आवाज नादुरुस्त बुलेटसारखा. फेब्रुवारीत सगळा किनारा माद्या, पिल्लं आणि भांडणाऱ्या नरांनी भरलेला असतो. पिल्लाला पाजत असताना मादी जवळपास चार आठवडे काही खात नाही. एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी हे प्राणी इतके मारले, की मेक्सिकोच्या एका बेटावर थोडेसे उरले. १९२२ साली मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिलं, अमेरिकेने नंतर. पिएद्रास ब्लांकासच्या किनाऱ्यावर ते पहिल्यांदा आले १९९० साली. सुरुवातीला लोक गाड्या रस्त्यात लावून थेट त्यांच्या अंगाशी जायचे. म्हणजे अगदी आपल्यासारखेच. मग वाहनतळ झाला, कठडा झाला, आणि निळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक आले. बहुतेक निवृत्त माणसं. तिकीट नाही, काही नाही. एक काका आम्हाला अर्धा तास समजावत होते, आणि मध्येच एका पोराला गोड आवाजात म्हणाले, कठड्यावर चढू नकोस, माझी नोकरी जाईल. त्यांना पगार नव्हता.

माझा मित्र गाडीत बसताना म्हणाला, "हे लोक वेगळेच असतात यार. आपल्याकडे शक्य नाही." हे वाक्य तुम्हीही म्हटलं असेल. मी तर तेव्हा मानही डोलावली होती.

'आपल्याकडे शक्य नाही' हे धादांत खोटं आहे, आणि किनाऱ्याचंच उदाहरण हवं असेल तर वेळासला जा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी माणसं नाही तर कोल्ही-कुत्री न्यायची. आता गावकरी रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात, अंडी कुंपणात हलवतात, पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडतात. पर्यटक गावातल्या घरांतच राहतात आणि मोदक खातात. निळं जाकीट कुणाच्या अंगात नाही, एवढाच फरक. तेव्हा 'आपल्याकडे शक्य नाही'चा खरा अर्थ 'माझ्याकडून शक्य नाही' असा आहे. मित्राचं सोडा, मी माझ्यापुरतं बोलतो.

आता नाशिकचं बिल बघू.

भारतातली गिधाडं कशी गेली ते बहुतेकांनी कुठंतरी वाचलेलं असतं, पण यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. गाय-बैल दुखण्याने बसला की त्याला डायक्लोफेनॅक द्यायचे. माणसांना देतात तेच, स्वस्त वेदनाशामक. जनावर तरीही मेलं तर औषध मांसात शिल्लक. गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, युरिक आम्ल आतल्या अवयवांवर खडूसारखं साचतं, आणि ते दोन-तीन दिवसांत मरतं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्के घटली. हजारातलं एक उरलं. अंजनेरीच्या कड्यावरच्या लांब चोचीच्या गिधाडांची जातही सुमारे ९७ टक्के गेली. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ साली त्या तीन मिलिलिटरच्या करायला लावल्या. किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांच्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. मेलोक्सिकॅम नावाचा सुरक्षित पर्याय तोवर कितीतरी वर्षं बाजारात होता.

कॅलिफोर्नियात शिकाऱ्याच्या गोळीतलं शिसं, आपल्याकडे गाईच्या इंजेक्शनमधलं औषध. गोष्ट एकच आहे. पण तिथली गोष्ट ऐकून माझा गळा दाटला, आणि इथल्या गोष्टीत मला सहभागी व्हावं लागेल हे कळल्यावर मी फोनवर पुढचं रील लावलं.

बिल कोण भरतं? हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी उपाहारगृह केलंय. मेलेली जनावरं तिथं कुंपणात आणून टाकतात. जनावर मेल्याचं कळवणारे, ते आणून टाकणारे, त्या वासाच्या शेजारी राहणारे आदिवासी पाड्यांवरचे लोक आहेत. त्यांच्यातल्या कुणाचा फोटो मी कधी टाकलेला नाही. त्यांची गिधाडं उडत माझ्या शहराच्या बाजूला आली तर मी म्हणणार, वाह, नाशिकची जैवविविधता.

आणि माझ्याकडे काय मागितलं होतं? सांगतो. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

काही वर्षांपूर्वी अंजनेरीवर गाडी जाईल असा रस्ता करायचा प्रस्ताव चर्चेत आला. नंतर ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचाही आला. अंजनेरीचा हा भाग २०१७ साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेला. तिथं सेरोपेजिया अंजनेरिका नावाची वनस्पती आहे. तिच्या नावातच या डोंगराचं नाव आहे. शिवाय कड्यावर गिधाडांची घरटी. पर्यावरणवाल्यांनी विरोध केला, निवेदनं दिली, सह्या गोळा केल्या. सहीची लिंक माझ्याकडेही आली होती. मी सही केली नाही. उलट ग्रुपवर लिहिलं, "या लोकांना प्रत्येक गोष्टीला विरोध करायची सवय आहे."

कारण माझी आई. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. अंजनेरीवर अंजनीमातेचं मंदिर आहे, मारुतीचा जन्म तिथला असं आपल्याकडे मानतात, आणि तिला एकदा वर जायचंय. रस्ता झाला असता तर मी तिला गाडीतून नेलं असतं.

अमेरिकेहून आल्यावर, चहाच्या टपरीवरच्या त्या प्रसंगानंतर, मी घरी शहाणपणा करायला लागलो. आईला म्हटलं, बरं झालं तो रस्ता झाला नाही, वर गिधाडं आहेत. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "तू सातासमुद्रापार विमानाने जाऊन गिधाड बघून आलास. मी वीस-पंचवीस किलोमीटरवर देवीला जायला रस्ता मागितला तर गिधाडं आठवली का रे तुला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. पण तिच्या प्रश्नात एक गोष्ट लख्ख दिसते. प्राण्यांनी मागितलेली किंमत आपल्या देशात आपण नेहमी दुसऱ्याच्या खिशातून देतो. खोरीपाड्याच्या माणसाच्या, नाहीतर गुडघे गेलेल्या आईच्या. ज्याच्याकडे पासपोर्ट आहे, पगार आहे, कॅमेरा आहे, तो फक्त कौतुक करतो. तो म्हणजे मी. विरोधाची निवेदनं लिहिणारेही कधीकधी विसरतात, की वर जाऊ न शकणाऱ्या भाविकालाही काहीतरी म्हणायचं असतं. पण त्यांनी निदान सही केली होती.

गिधाड तरी बिचारं मेलेलंच खातं. बिबट्याचं काय?

२०१९च्या जानेवारीत नाशिकच्या सावरकरनगरमध्ये बिबट्या शिरला. बंगल्यांच्या आवारांतून तो सैरभैर पळत होता, मागे गर्दी, गर्दीच्या हातात मोबाइल. काही जण जखमी झाले, शेवटी त्याला बेशुद्ध करून पकडलं. त्या गर्दीत मीही होतो, शेवटच्या वर्षाचं सबमिशन सोडून. पिएद्रास ब्लांकासला कठड्याच्या मागे शहाण्यासारखा उभा राहिलेला माणूस तोच. तिथं मला शिस्त कुणी शिकवली नाही. तिथं नियम होता आणि नियम सांगणारा माणूस समोर उभा होता, एवढंच.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या कॉन्डोरला बदाम पाठवणारेच लोक, बिबट्याची बातमी आली की 'गोळ्या घाला' म्हणतात. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे आणि मी ते म्हणणार नाही. निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्या वितो, आणि पहाटे पाणी द्यायला शेतात जाणाऱ्याच्या पोटात काय कालवत असेल ते फ्लॅटमध्ये बसून कळत नाही. २०२५च्या नोव्हेंबरात, लहान मुलाचा जीव गेल्यावर, लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्या आईबापांना कॉन्डोरच्या गोष्टी सांगायची माझी लायकी नाही.

पण मग आपण ज्यांच्यापुढे मान झुकवून परत येतो, त्या कॅलिफोर्नियाने या प्रसंगात काय केलं तेही बघा. त्यांच्या राज्याच्या झेंड्यावर ग्रिझली अस्वल आहे. १९११ साली तो झेंडा अधिकृत झाला. १९२०च्या दशकात तिथलं शेवटचं ग्रिझली संपलं. आज कॅलिफोर्नियात ग्रिझली आहे ते झेंड्यावर, टी-शर्टवर आणि मी आईसाठी आणलेल्या फ्रिज मॅग्नेटवर. माणसाला मारू शकेल असं जनावर त्यांनी मारून टाकलं, आणि मग उरलेल्यांवर मनापासून प्रेम केलं.

इकडे आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. वस्त्या, ऊस, कुत्री, माणसं असलेल्या मुलखात, दर शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे. जंगलात नव्हे, शेतात. इगतपुरी-अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. आमचं रक्षण कर आणि आमच्या वाटेला जाऊ नकोस, असा तो व्यवहार आहे. प्रेमाचं नाटक त्यात नाही. ज्याच्याशी रोज गाठ आहे त्याच्याशी केलेला करार आहे. एवढ्या गर्दीत एवढं मोठं मांसाहारी जनावर सहन करणारी माणसं जगात फार थोडी आहेत, आणि आपण त्यांना 'अडाणी' म्हणून, विमानात बसून, सभ्य लोकांचे प्राणी बघायला जातो.

'मग काय फिरायलाच जायचं नाही?' हा प्रश्न येणारच. जा की. मी पण जाईन. समुद्राकाठचा तो रस्ता अप्रतिम आहे आणि हत्ती-सीलच्या पिल्लाचा रडका आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण परत येताना तिथून नुसते फोटो आणू नका, बिलाची प्रत आणा. तिथं कुणी काय सोडलं, कुणी काय भरलं, कोण कोणाशी किती वर्षं भांडलं, हे विचारून या. आणि मग घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत असा एक प्राणी शोधा, जो तुमच्याकडे काहीतरी मागतोय. नाशिककरांना तर फार लांब जायला नको. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथं जा, गावातल्या वाटाड्या पोराला बरोबर घ्या, आणि त्याने सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या. परदेशात पार्किंगला तेवढे मोजताना तुम्ही तोंडातून ब्र काढला नव्हता.

सिंहस्थ आलाय. त्र्यंबक रोडला आताच ओळखू येत नाही. डोंगरावर जायच्या नव्या कल्पना पुन्हा निघतील, आणि सह्यांच्या लिंकही येतील. या वेळी मी सही करणार आहे. आणि ती केल्यावर आईच्या समोर बसून तिला सांगणार आहे, की मी तुझ्या वाटेत उभा राहिलोय. ग्रुपवर लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे.

गेल्या महिन्यात तिला मी गिधाडांची आणि औषधाची सगळी गोष्ट सांगितली. ती एका गोशाळेला दर महिन्याला चाऱ्याचे पैसे देते. सगळं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलवर असताना बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला. गोशाळेला फोन लावून ती विचारत होती, "तुमच्याकडं गाईला दुखण्यावर कुठलं औषध देतात हो?"

बघून सांगतो म्हणाले. तीन दिवस त्यांचा फोन आला नाही. चौथ्या दिवशी तिने परत लावला.